कार्यालयातला संगणक आणि आमचं शिकणं

(शंकर नगर, रायपूर येथील गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



श्रीगणरायाला वंदन करून चार शब्द बोलतो. विद्येच्या देवतेसमोर उभं राहून "मला हे येत नव्हतं" अशी कबुली द्यायची म्हणजे जरा अवघडच, पण आजचा माझा विषय तोच आहे. कार्यकर्त्यांनी पत्रिकेत "कार्यालयीन सॉफ्टवेअर : काळाबरोबर कसे राहावे?" असं भारदस्त शीर्षक छापलं आहे. ते वाचून कोणी संगणकतज्ज्ञ येणार म्हणून आला असाल, तर क्षमा करा. मी १९७९ साली कारकून म्हणून लागलो आणि २०१४ साली बडे बाबू म्हणून निवृत्त झालो. आस्थापना आणि लेखा या दोन शाखांच्या बाहेर माझं जग नव्हतं. तरीही हा विषय मी नाकारला नाही, त्याचं कारण पुढे येईल.

माझं टंकलेखन नागपूरचं. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, अशा दोन्ही परीक्षा मी दिल्या. रायपूरला आल्यावर हिंदी टंकलेखनाची सवय केली, ती महिन्याभरात झाली. रेमिंग्टनच्या मांडणीवर माझी बोटं अशी बसली होती की साहेबांचं बोलणं संपायच्या आत कागद बाहेर यायचा. शाखेत त्याचा थोडा मानही होता. सांगायचा मुद्दा असा की मी 'न येणारा' माणूस नव्हतो, 'येणारा' होतो. आणि येणाऱ्या माणसाला नवं शिकायला जास्त जड जातं, कारण त्याला पुन्हा पहिलीच्या वर्गात बसावं लागतं, तेही सगळ्यांसमोर.

१ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड राज्य झालं. दाऊ कल्याणसिंह रुग्णालयाच्या इमारतीत मंत्रालय आलं. २०१२ साली ते नया रायपूरला महानदी भवनात गेलं, पण पहिली बारा वर्षं तिथेच होतं. भोपाळहून नस्त्या आल्या, माणसं आली, नवी पदं निर्माण झाली आणि त्यांच्याबरोबर टेबलाटेबलांवर संगणक आले. शहरात डीसीए, पीजीडीसीएच्या पाट्या गल्लोगल्ली दिसू लागल्या. तिकडे महाराष्ट्रात २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं आणि माझे नागपूरचे मेहुणे, साडू, भाचे एमएस-सीआयटी करू लागले. दिवाळीला गेलो की सर्टिफिकेटाच्या गोष्टी. मी म्हणायचो, "आमच्याकडे ऑपरेटर आहे." हे वाक्य मी चार-पाच वर्षं वापरलं.

आता ती गोष्ट सांगतो.

२००५ सालची. कार्यालयाचं नाव सांगत नाही. महागाई भत्त्याच्या थकबाकीची यादी बँकेत जायची होती. दोनशे बारा नावं, इंग्रजीत, एक्सेलमध्ये. आमच्याकडे कंत्राटावर एक मुलगी होती, डेटा एन्ट्री ऑपरेटर. तिने यादी पदानुसार तयार करून ठेवली होती. साहेब म्हणाले, नावं अकारविल्हे लावून पाठवा. मुलगी जेवायला गेली होती. मला वाटलं, एवढं तर मला येतं, तिला करताना पाहिलं आहे. मी नावांचा रकाना निवडला आणि सॉर्टचं बटण दाबलं. संगणकाने एक चौकट दाखवली. इंग्रजीत दोन पर्याय होते. शेजारच्या रकान्यांनाही बरोबर घ्यायचं, की फक्त निवडलेल्या रकान्यावरच काम करायचं? मला फक्त नावंच लावायची होती, म्हणून मी दुसरा पर्याय दाबला. नावं झटकन अकारविल्हे लागली. मी खूष.

झालं होतं असं, की नावं हलली आणि रकमा जागच्या जागी राहिल्या. कोणाचं नाव कोणाच्या रकमेसमोर! मी बेरीज पडताळून पाहिली. बेरीज अगदी पैशापर्यंत बरोबर. का नसावी? रकमांना हात लागलाच नव्हता. आमच्या पिढीचा हिशेब तपासण्याचा सगळा विश्वास बेरजेवर. बेरीज जुळली की सही. साहेबांची सही झाली, यादी बँकेत गेली.

चूक पकडली कोणी? आमच्या शाखेतल्या एका भृत्याने. पाचव्या दिवशी पासबुक घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाबूजी, मेरा इतना नहीं बनता." त्याच्या खात्यात एका राजपत्रित अधिकाऱ्याची थकबाकी पडली होती. ज्यांना कमी मिळाले ते यायला दोन दिवस अजून लागले. ज्यांना जास्त मिळाले त्यांपैकी आपण होऊन आलेला हा एकटाच.

मग वसुली, फेरयादी, बँकेला पत्रं. यादी कोणी बनवली? ऑपरेटरने. तिला कारणे दाखवा नोटीस निघाली. नोटिशीचा मसुदा माझ्याच टेबलावर आला आणि मी तो टंकलिखित करून पुढे पाठवला. होय, मीच. त्या क्षणी मला खरोखर नक्की कळलेलं नव्हतं की चूक कशी झाली, असं मी स्वतःला सांगत होतो. पण ते अर्धंच खरं होतं. ती दोन पर्यायांची चौकट माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. चार दिवस मी गप्प राहिलो. पाचव्या दिवशी साहेबांकडे जाऊन सांगितलं. साहेब जे बोलले ते इथे बाप्पासमोर सांगण्यासारखं नाही. नोटीस मागे घेतली गेली. घरी हिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चार दिवस का लागले?" त्याचं उत्तर मला अजून नीटसं देता येत नाही.

ती मुलगी तीन आठवडे माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. तिचं बरोबरच होतं. मग मार्चअखेर आली, मला एक विवरणपत्र करायचं होतं, आणि मी तिच्या टेबलाजवळ जाऊन म्हणालो, "यह मुझे सिखा दो." ती उठली, मला तिच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "बड़े बाबू, माउस आप पकड़िए. मैं सिर्फ बोलूँगी."

मित्रहो, त्यानंतर मी तीन शासकीय प्रशिक्षणं केली, दोन-चार चर्चासत्रांना गेलो, घरी भिंतीला लावता येतील एवढी प्रमाणपत्रं मिळवली. पण संगणक कसा शिकायचा हे त्या एका वाक्यात होतं. प्रशिक्षणात काय व्हायचं? समोर पडद्यावर मास्तर करून दाखवणार, आपण वहीत उतरवणार, दुपारी जेवण, चारला समोसा-चहा, पाचला प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी कार्यालयात आपल्या संगणकासमोर बसलो की वहीतलं एकही अक्षर पडद्यावरच्या गोष्टीशी जुळत नाही, कारण तिथला तक्ता त्यांचा होता, आपला नव्हता. त्या मुलीने मला माझीच विवरणपत्रं घेऊन शिकवलं. रोज जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं. हात माझा, चूक माझी, दुरुस्तीही माझी. दोन महिन्यांनी तिला खाजगी कंपनीत चांगली नोकरी लागली आणि ती गेली. तोवर मला सॉर्ट, फिल्टर, बेरजा आणि दोन याद्यांचा ताळमेळ एवढं येऊ लागलं होतं. निवृत्तीपर्यंत त्याच शिदोरीवर माझं नव्वद टक्के काम चाललं.

ही भीती एकट्या माझी नव्हती. १९६० च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कार्यालयात संगणक येऊ नये म्हणून इमारतीवर पहारा दिला होता. पोटाचा प्रश्न होता, त्यांना हसण्याचं कारण नाही. २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि देशभरातून सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली. आपल्या शंकर नगरातलीही काही घरं त्यात आहेत. सगळे संगणकाला भिऊन गेले असं मी म्हणणार नाही. मुलांची शिक्षणं होती, मुलींची लग्नं होती, एकरकमी पैसा मिळत होता. पण माझ्या ओळखीचे दोन गृहस्थ, लेजर लिहिण्यात ज्यांचा हात कोणी धरला नसता, त्यांनी मला खाजगीत सांगितलं की नातवाच्या वयाच्या पोराला दिवसातून दहा वेळा "हे कसं करायचं रे?" असं विचारणं त्यांच्याने होईना. तीन-चार वर्षांची नोकरी त्यांनी त्या एका प्रश्नापायी सोडली. असो.

आता तुम्ही म्हणाल, तुमची चूक झाली कारण तुम्ही कारकून. मोठ्या माणसांचं काय? ऐका. २०२० सालच्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडमध्ये कोरोनाचे रुग्ण वाढत होते. तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून १५,८४१ बाधितांची नोंद आठवडाभर गहाळ झाली. कारण काय? एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाईलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढची नावं फाईलने मुकाट्याने सोडून दिली. २००७ च्या आवृत्तीपासून ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींची झाली आहे, म्हणजे तेरा वर्षं जुनी फाईलपद्धत कोणीतरी सवयीने वापरत होतं. त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांना सावध करायला उशीर झाला, तो वेगळाच.

दुसरी गोष्ट शास्त्रज्ञांची. माणसाच्या शरीरातल्या जनुकांना लघुनावं असतात. त्यांतली काहींची नावं 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशी होती. एक्सेलला वाटायचं ही तारीख आहे, आणि ते जनुकाची '१ मार्च' करून टाकायचं. २०१६ साली तपासणी झाली तेव्हा असं दिसलं की एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात ही चूक होती. शेवटी २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या समितीने काय केलं असेल? एक्सेल बदलत नाही म्हटल्यावर जनुकांचीच नावं बदलली! आपल्याकडे सुनेचं नाव बदलायची पद्धत होती, तसंच म्हणायचं.

आपल्या रोजच्या कामात हीच खोड वेगळ्या रूपात दिसते. कर्मचारी क्रमांक ००४५ लिहिला की पडद्यावर ४५ उरतो. सोळा-सतरा अंकी खाते क्रमांक लिहिला की पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होऊन बसतात, कारण एक्सेल आकड्याचे पंधराच अंक सांभाळतं. उपाय सोपा आहे. लिहिण्याआधीच त्या रकान्याला 'हा मजकूर आहे, आकडा नाही' असं सांगायचं, म्हणजे त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करायचा. एवढी एक गोष्ट माहीत नसल्याने किती लोकांचे पैसे भलतीकडे अडकले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

तरुण मंडळी मला विचारतात, काका, दर दोन वर्षांनी सगळं बदलतं, मग शिकून उपयोग काय? बदलतं, पण बोभाटा होतो तितकं नाही. २००७ साली ऑफिसमधले मेनू जाऊन वर ती रुंद पट्टी आली तेव्हा आमच्या शाखेत आठवडाभर सुतक होतं. प्रिंटचं बटण सापडेना म्हणून एक सहकारी फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या शाखेत छापायला जायचे! पण आत पाहिलं तर तोच तक्ता, त्याच ओळी, तेच रकाने. १९७९ साली अमेरिकेत ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन या दोघांनी व्हिसिकॅल्क नावाचा पहिला असा तक्ता बाजारात आणला. त्यानंतर १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं, मग एक्सेल. बेरजेचं 'सम' हे सूत्र तेव्हापासून आजतागायत चालू आहे. मी ज्या वर्षी नोकरीला लागलो त्याच वर्षी ते जन्मलं आणि मी निवृत्त झालो तरी ते कामावर आहे. म्हणून माझं मत असं, की पट्टीवरची बटणं पाठ करू नयेत. तक्त्यात ओळ म्हणजे एक माणूस, रकाना म्हणजे एक माहिती, आणि ओळ कधी तुटू द्यायची नाही, एवढं डोक्यात बसलं की आवृत्ती कोणतीही येऊ दे.

आता आपल्या भाषेचा प्रश्न. हा विषय मला सगळ्यात जवळचा आहे, त्यामुळे थोडा वेळ घेतो.

आपण रायपूरचे मराठी लोक दोन भाषांत जगतो. कार्यालयात हिंदी, घरात मराठी. ही काही आजची गोष्ट नाही. माधवराव सप्रे मातृभाषेने मराठी. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं आणि पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं. त्यांच्या हातात टाक होता. टाकाला हिंदी-मराठी एकच. आमच्या हातात संगणक आला आणि तिथे मात्र फॉन्ट नावाचं प्रकरण सुरू झालं. कार्यालयात कृतिदेव, नागपूरच्या छापखान्यात श्रीलिपी, पुण्याच्या भावाकडे आणखी तिसरंच. कृतिदेवमध्ये लिहिलेलं पत्र मी मेहुण्यांना ई-मेलने पाठवलं, तर त्यांच्याकडे इंग्रजी अक्षरांची खिचडी उघडायची.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षराने घातलेला देवनागरी मुखवटा. आपल्याला 'क' दिसतो, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी 'डी' असतो. तो फॉन्ट जिथे नाही तिथे मुखवटा गळून पडतो. शिवाय अशा यादीत अकारविल्हे क्रम लागत नाही, कारण संगणक इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावणार. शोधही नीट लागत नाही. युनिकोडमध्ये तसं नाही. १९९१ साली आलेल्या या पद्धतीत 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, जगात कुठेही तोच. आपल्या देशातही त्याआधीच इस्की नावाचं प्रमाण आणि १९८६ पासून इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी तयार होती. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि तीच मांडणी बंगाली, गुजराती, तेलुगू सगळ्यांना. एक शिकलं की बाकीच्या लिप्यांचीही बोटं तयार.

मी इन्स्क्रिप्ट वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी शिकलो. खोटं कशाला बोलू, पहिले पंधरा दिवस रडकुंडीला आलो. तीस वर्षांची रेमिंग्टनची बोटं ऐकेनात. मिनिटाला दहा शब्दही होईनात. नव्याने लागलेली मुलं हसायची. पण तीन महिन्यांत कामापुरता वेग आला, आणि एक फायदा असा झाला की हिंदी नस्ती आणि मराठी पत्र एकाच मांडणीवर होऊ लागलं. जोडीला एवढंच लक्षात ठेवायचं की मराठीचा तो विशेष र, 'दुसऱ्या'तला, 'सुऱ्या'तला, शिफ्ट धरून दाबायचा, मग हलन्त, मग य. नाहीतर 'दुसर्या' असं रफार चढलेलं काहीतरी होतं. आपल्या स्मरणिकेच्या मागच्या काही अंकांत ते जागोजागी आहे. संपादक मंडळींनी रागावू नये. 'ॲ' हे अक्षरही युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं ठरवून दिली. हिंदी फॉन्टमध्ये ती वेगळी दिसतात. त्यावर भांडण करण्यापेक्षा मराठी वळणाचा फॉन्ट निवडावा, मोफत मिळतात.

ज्यांना टंकलेखन नकोच असेल त्यांनी बोलून लिहावं. गूगलने २०१७ साली मराठीसह आठ भारतीय भाषांत ही सोय आणली. आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनी मोबाईलला सांगून सगळे मसाले लिहून घेतले. मोबाईलने 'गोडा मसाला' चा 'घोडा मसाला' केला, तो त्यांनी तसाच ठेवला आहे.

शिकायचं कुठून? शहरात क्लास आहेत, पण आधी पैसे न देता जे मिळतं ते पाहा. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा केला. त्यात लिबरऑफिससारख्या मोफत सॉफ्टवेअरचे पाठ आहेत, साधारण दहा मिनिटांचे, मराठीतही आणि हिंदीतही. अर्ध्या पडद्यावर पाठ चालू ठेवायचा, अर्ध्यावर आपण करत जायचं, अशीच त्यांची योजना आहे. म्हणजे माऊस आपल्याच हातात. लिबरऑफिस २०१० पासून आहे, त्याला पैसे लागत नाहीत, आणि वर्ड-एक्सेलच्या फाईली त्यात उघडतात. फार नक्षीदार फाईल असेल तर थोडी विस्कटते, हे आधीच सांगून ठेवतो.

नोकरीत असलेल्यांसाठी २०२० साली मिशन कर्मयोगी मंजूर झालं आणि आयगॉट हे शिकण्याचं व्यासपीठ आलं. कल्पना चांगली आहे. पण काही ठिकाणी पाठ चालू करून माणूस चहाला जातो आणि परत येऊन प्रमाणपत्र छापतो, हेही मी ऐकतो. इथे कोण कोण आहे ते मी विचारत नाही. मोठमोठ्या हॉटेलांत होणाऱ्या कार्यक्रमांचंही तसंच. जाऊ नका असं म्हणणार नाही. पण जाताना आपल्या कामातला अडलेला एक प्रश्न कागदावर लिहून न्यावा आणि तो विचारल्याशिवाय जेवणाच्या रांगेत उभं राहू नये. मी तीन वेळा पिशवी आणि पेन घेऊन परत आलो, चौथ्या वेळी प्रश्न घेऊन गेलो. तो एकच कार्यक्रम मला आठवतो. बाकीच्यांची पेनंसुद्धा संपली.

आणि आता नवीन. २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस चॅटजीपीटी आलं. सूत्र विचारलं तर सूत्र देतं, पत्र सांगितलं तर पत्र लिहितं, मराठीत सुद्धा. माझा नातू म्हणतो, आजोबा, आता एक्सेल शिकायची गरज नाही. मी त्याला माझी दोनशे बारा नावांची यादी सांगितली आणि विचारलं, बेरीज बरोबर आहे, आता यादी बरोबर आहे की नाही हे कसं ओळखशील? तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मधूनमधून पाच-सहा नावं काढून मूळ कागदाशी पडताळून बघीन." शाबास! २००५ साली मला हे सुचलं असतं तर एका मुलीला नोटीस मिळाली नसती. यंत्राला जरूर विचारा, मीही विचारतो. पण पडताळणारा माणूस हवा, आणि त्याला ओळ-रकाना कळायला हवा.

शेवटी मंडळाचं एक काम. आपल्या जुन्या स्मरणिका २००२ ते २००९ पर्यंत नागपूरला पेजमेकरमध्ये जुळवल्या गेल्या. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, त्यानंतर ते वाढलंच नाही. त्या सीडी आपल्या कपाटात आहेत. गेल्या महिन्यात मी दोन उघडून पाहिल्या. एक वाचलीच जात नाही, दुसरीत फाईली आहेत पण फॉन्ट नाहीत, सगळी इंग्रजी खिचडी. आपल्यातून गेलेल्या कितीतरी मंडळींच्या आठवणी, पहिल्या पिढीने रायपूरला बिऱ्हाड कसं थाटलं त्याचे लेख, कविता, सगळं त्यात अडकलं आहे. छापील अंक काही घरांत आहेत, काही वर्षांचे कुठेच मिळत नाहीत.

हे सोडवता येतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मोफत मिळतात. ती सगळं करत नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये उलट, त्यामुळे नेमक्या त्याच जागी चुका राहतात. त्या डोळ्यांनी वाचून सुधाराव्या लागतील. त्यासाठी शुद्धलेखन येणारी माणसं लागतील, आणि ती तरुणांपेक्षा आपल्या वयाच्या लोकांत जास्त आहेत. तरुणांनी संगणक लावून द्यावा, आपण वाचावं.

अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला मी मंडळाच्या खोलीत येऊन बसणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं. वय, पद, सर्टिफिकेट काही विचारलं जाणार नाही. येताना घरातला स्मरणिकेचा जुना अंक, असेल ती सीडी आणि वाचायचा चष्मा आणावा. आणि कोणाकडे चालू स्थितीतला सीडी ड्राइव्ह असेल तर तोही घेऊन या, मंडळाचा बंद पडला आहे.